टाकाऊतला गोडवा

दिवाळीच्या फराळाचा शेवटचा घाणा कढईतून निघाला, की आमच्या घरात दरवर्षी एक प्रश्न उभा राहतो. चकल्या, कडबोळी, शंकरपाळे, चिवडा हे सारे आपापल्या डब्यांत जाऊन बसलेले असते. चकलीत तिखट जास्त झाले की कमी, यावरचा वादही मिटलेला असतो. ओट्यावर उरलेली असते ती कढई, आणि तिच्या तळाशी काळसर, दाट झालेले, चकलीच्या काट्यांचा चुरा पोटात घेऊन बसलेले लिटर-दीड लिटर तेल. ते टाकवत नाही आणि वापरवतही नाही.

आमच्याकडे या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ वर्षे ठरलेले होते. ही ते तेल गाळून बरणीत भरायची आणि फराळाच्या ताटाबरोबर आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या हाती द्यायची. यात तिच्या मनात काडीचे पाप नव्हते. तिच्या आईने तेच केले होते, सासूनेही तेच केले होते. पाप असलेच तर ते माझ्याकडे होते. मी सारा जन्म कॉलेजात रसायनशास्त्र शिकवले. तापवून तापवून काळ्या पडलेल्या तेलाचे काय होते, ते मी फळ्यावर खडूने काढून दाखवीत असे. पण ती बरणी घराबाहेर जाताना मी वर्तमानपत्रातून डोके वर काढल्याचे मला आठवत नाही.

गेल्या दिवाळीत बाईंनी ताट घेतले आणि बरणी ओट्यावरच ठेवली. म्हणाल्या, “वहिनी, राग मानू नका, पण तेल नको. चांगलं असतं तर तुम्हीच वापरलं असतं ना?”

बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. दुकानात खराब टोमॅटो बाजूला काढून ठेवावा, तितक्या सहजपणे त्या बोलल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या. ही माझ्याकडे पाहू लागली. मी वर्तमानपत्राकडे पाहू लागलो. पण त्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण ते वाक्य रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही तंतोतंत बरोबर होते.

तेल तापते तेव्हा तीन शत्रू एकदम त्याच्यावर चालून येतात: आच, हवा आणि तळणीच्या पदार्थातून निघणारे पाणी. तिघांच्या संगनमताने तेलाचे रेणू तुटतात, एकमेकांना चिकटतात, हवेतला प्राणवायू अंगाला लावून घेतात. म्हणून ते दाट होते, फेसाळते, काळवंडते. या बिघडलेल्या भागाचे माप काढता येते. आपल्या देशातील अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून असा नियम केला आहे, की हा भाग शेकडा २५ च्या वर गेला की ते तेल खाण्यास अयोग्य समजावे. त्याच वर्षी प्राधिकरणाने असे वापरलेले तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्याची मोहीमही हाती घेतली. मोठमोठ्या उपाहारगृहांनी आणि फरसाणवाल्यांनी आपले टाकाऊ तेल वडापावच्या गाड्यांकडे न पाठवता बायोडिझेलवाल्यांकडे पाठवावे, हा त्यातला हेतू.

हे सगळे मी हिला सांगत होतो, म्हणजे खरे पाहता स्वतःचीच समजूत घालत होतो, तेवढ्यात माझी पुतणी आतून आली. ती सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करते आणि दिवाळीला आमच्याकडे असते. तिने बरणी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, “काकू, हे मला द्या. माझ्या जंतूंना उपयोगी पडेल.”

“जंतूंना?” ही म्हणाली. “म्हणजे बाईंनी नको म्हटलेलं तू जंतूंना घालणार?”

“तेल नाही हो, तेलातलं ग्लिसरीन.”

वाचकांना ग्लिसरीन नवे नाही. कडाक्याच्या थंडीत ओठ फुटले, टाचांना भेगा पडल्या, की गुलाबपाणी आणि ग्लिसरीनची बाटली घरोघर निघते. सिनेमातल्या नायिकेचे अश्रू ग्लिसरीनचे असतात, हेही सर्वश्रुत आहे. पण हे ग्लिसरीन येते कुठून, असे विचारले तर दहांतले नऊजण ‘औषधाच्या दुकानातून’ असे उत्तर देतील. प्रत्यक्षात ते आपल्या कढईतच असते. शेंगदाण्याचे तेल घ्या, करडईचे घ्या, तूप घ्या, नाहीतर खोबरेल घ्या; सर्वांची ठेवण एकच. भिंतीला तीन आकड्यांची एक खुंटी आहे आणि तिच्या प्रत्येक आकड्याला एकेक लांबलचक धोतर अडकवले आहे, अशी कल्पना करा. ती धोतरे म्हणजे मेदाम्ले, आणि ती खुंटी म्हणजे ग्लिसरीन. शास्त्रज्ञ त्याला ग्लिसरॉल म्हणतात.

ही खुंटी पहिल्यांदा वेगळी काढली ती कार्ल शीले या स्वीडनमधल्या औषधविक्रेत्याने, १७७९ साली. ऑलिव्हचे तेल आणि मुरदाडशिंग एकत्र तापवताना त्याला एक गोडसर द्रव मिळाला. तेलातून गोडवा निघतो याचे त्याला मोठे नवल वाटले. पुढे फ्रान्समधल्या शेव्हरलने त्याला नाव दिले, तेही ‘गोड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. हा शेव्हरल १०२ वर्षे जगला. साबण म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत काय, हे प्रथम त्याने उलगडून दाखवले. तेलात दाहक सोडा घालून शिजवले, की धोतरे खुंटीवरून सुटून साबण होतात आणि रिकामी खुंटी मागे राहते. नरकचतुर्दशीला पहाटे आपण अंगाला तेल चोळतो आणि मग साबण लावतो, तेव्हा या साऱ्या रसायनशास्त्राचे पहिले आणि शेवटचे पान एकाच पाटावर बसून उलटत असतो.

या निरुपद्रवी गोड द्रवाचे पुढचे चरित्र मात्र भयंकर आहे. १८४७ साली इटलीतल्या सोब्रेरोने त्यावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांचा प्रयोग करून नायट्रोग्लिसरीन हा महास्फोटक तयार केला. १८६७ साली आल्फ्रेड नोबेलने तो एका सच्छिद्र मातीत जिरवून डायनामाइट केले. गंमत अशी, की तेच नायट्रोग्लिसरीन सूक्ष्म प्रमाणात हृदयशूलावरचे औषध आहे, आणि नोबेलला त्याच्या उतारवयात डॉक्टरांनी तेच लिहून दिले होते.

पहिले महायुद्ध पेटले तेव्हा ग्लिसरीनला सोन्याचा भाव आला. इंग्रजांच्या नाकेबंदीमुळे जर्मनीला तेल-चरबी मिळेना. आणि चरबी नाही तर ग्लिसरीन नाही, ग्लिसरीन नाही तर दारूगोळा नाही. तेव्हा जर्मन शास्त्रज्ञांनी एक युक्ती केली. साखर आंबवून दारू करणारे जे यीस्ट, त्याच्या खाद्यात त्यांनी सल्फाइट नावाचा क्षार घातला. त्यासरशी यीस्टचा नेहमीचा रस्ता अडला आणि ते दारूऐवजी ग्लिसरीन करू लागले. महिन्याला सुमारे १,००० टन ग्लिसरीन जर्मनीने अशा रीतीने काढले. तिकडे इंग्लंडात वाइझमन नावाचे रसायनशास्त्रज्ञ जंतूंकडून धान्य आंबवून दारूगोळ्यासाठी ॲसिटोन करवून घेत होते. धान्य कमी पडू लागले तेव्हा १९१७ साली शाळेतल्या मुलांना हॉर्स चेस्टनटची फळे वेचण्यास सांगण्यात आले. हेच वाइझमन पुढे १९४९ साली इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. सारांश, तोफा माणसांच्या होत्या, पण त्यांच्या पोटात भरायचे ते दोन्हीकडे सूक्ष्मजीवांनी शिजवले होते.

ज्या ग्लिसरीनसाठी एवढा आटापिटा करावा लागला, तेच ग्लिसरीन शंभर वर्षांच्या आत कचरा ठरले. याला कारण बायोडिझेल.

तेलावर इंजिन चालवण्याची कल्पना जुनीच. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलचे एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. पण नुसते तेल इंजिनाला जड जाते. म्हणून त्याच्या खुंटीवरची धोतरे काढून ती मिथेनॉलच्या लहान लहान खुंट्यांवर एकेक अशी अडकवतात. की झाले बायोडिझेल. शंभर किलो तेल घेतले तर जवळजवळ शंभर किलो बायोडिझेल मिळते, आणि मागे सुमारे दहा किलो ग्लिसरीन उरते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-अमेरिकेत बायोडिझेलचे कारखाने भराभर निघाले आणि या दहा किलोंचा डोंगर होऊ लागला. ग्लिसरीनचा भाव कोसळला. अमेरिकेत टेक्सासमध्ये पेट्रोलियमपासून ग्लिसरीन करणारा डाऊ कंपनीचा कारखाना २००६ साली बंद झाला. आणि ज्या रसायनापासून आजवर ग्लिसरीन करीत, ते एपिक्लोरोहायड्रिन फ्रान्समध्ये सॉल्व्हे कंपनीने २००७ पासून उलट ग्लिसरीनपासूनच करण्यास सुरुवात केली. दुधापासून खवा करता करता एके दिवशी खव्याचे दूध करणे परवडू लागावे, तशातला हा प्रकार.

औषधी दुकानातल्या बाटलीतले ग्लिसरीन आणि कारखान्यातले हे उरलेले ग्लिसरीन यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. पुतणीने तिच्या प्रयोगशाळेत आमच्या बरणीतल्या तेलाचे बायोडिझेल केले आणि ती काचपात्राचे छायाचित्र घेऊन आली. वर मधाच्या रंगाचे पातळ बायोडिझेल, आणि तळाशी काकवीसारखा काळपट, चिकट थर. त्या थरात ग्लिसरीन होते, पण त्याच्या संगतीला विषारी मिथेनॉल होते, साबण होता, क्षार होता. हे सारे काढून ते ओठांना लावण्याजोगे शुद्ध करायचे तर खर्च येतो, आणि लहान कारखान्याला तो परवडत नाही. नाल्यात सोडले तर ते आंबून पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते आणि मासे मरतात. म्हणजे कढईतला प्रश्न संपला नाहीच. तो नुसता आमच्या ओट्यावरून कारखान्याच्या अंगणात गेला.

तिथे जंतू पुढे येतात.

जंतू म्हटले, की आपल्याला ताप आणि जुलाब आठवतात. पण दही विरजणारे, इडलीचे पीठ फुगवणारे तेही जंतूच. त्यांच्यातल्या काहींना ग्लिसरीन आवडते, ही गोष्ट मुळीच नवी नाही. आउगुस्ट फ्रॉइंड याला १८८१ सालीच असे दिसून आले होते, की ग्लिसरीन आंबले असता त्यातून प्रोपेनडायॉल नावाचा एक द्रव तयार होतो. त्या वेळी त्याचा कुणाला उपयोग सुचला नाही.

“पण काका, जंतू ते करतात कशासाठी?” हा प्रश्न मी तिला विचारायचा, तो तिनेच मला विचारला, शिक्षकाच्या घरातली मुले अशीच वागतात. आणि मग तिने उत्तर दिले ते इतके सोपे होते, की हिलाही पटले, कारण ते घरखर्चाच्या वहीचे होते.

जंतू अन्नाचा रेणू मोडतो आणि त्यातून सुटणाऱ्या शक्तीवर जगतो. मोडताना हायड्रोजन सुटा होतो. तो कुठेतरी जमा करावाच लागतो, नाहीतर मोडतोड थांबते. हवा असली तर अडचण नाही. हायड्रोजन प्राणवायूला दिला, पाणी झाले, खाते मिटले. आपण श्वास घेतो तो याचसाठी. पण हवा नसेल तर जंतूला दुसरे गिऱ्हाईक शोधावे लागते. इथे उधारी चालत नाही आणि शिल्लकही चालत नाही. वही रोजच्या रोज शून्यावर आली पाहिजे. मघाशी सांगितलेल्या जर्मन यीस्टचेही हेच झाले. सल्फाइटने त्याचे नेहमीचे गिऱ्हाईक पळवले, तेव्हा त्याने हायड्रोजन दुसरीकडे जमा केला आणि त्यातून ग्लिसरीन झाले.

आता ग्लिसरीनमध्ये साखरेपेक्षा हायड्रोजन मुळातच जास्त. ते खाणाऱ्या जंतूची वही सतत जमेच्या बाजूला झुकते. मग तो काय करतो? ढोबळ हिशेबाने, तीन रेणू आले तर एक पोटासाठी मोडतो, आणि त्यातून सुटलेला हायड्रोजन उरलेल्या दोघांच्या माथी मारतो. त्या दोघांतून आधी पाण्याचा एक रेणू काढायचा आणि मग हायड्रोजन भरायचा, की त्यांचे प्रोपेनडायॉल होते. म्हणजे आपण ज्याला पक्का माल म्हणतो, तो जंतूच्या दृष्टीने निव्वळ टाकाऊ आहे. आपला कचरा तो खातो, त्याचा कचरा आपण विकतो. यातली पाणी काढण्याची पायरी क्लेब्सिएलासारख्या जंतूंना बी-१२ जीवनसत्त्वाखेरीज जमत नाही. शाकाहारी मंडळींना डॉक्टर ज्याची इंजेक्शने देतात, तेच हे. माझी पुतणी वापरते त्या क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम जंतूचे मात्र त्यावाचून अडत नाही.

या प्रोपेनडायॉलपासून गालिच्यांचे आणि कपड्यांचे उत्तम धागे होतात. २००६ साली अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या लाउडन गावी ते जंतूंकडून करवून घेण्याचा मोठा कारखाना सुरू झाला. पण इथे एक गोम आहे, आणि ती लपवून ठेवणे बरे नव्हे. त्या कारखान्यातले जंतू टाकाऊ ग्लिसरीन खात नव्हते. त्यांना मक्याची साखर घालत. त्या साखरेचे ग्लिसरीन करण्याची कला यीस्टकडून आणि ग्लिसरीनचे प्रोपेनडायॉल करण्याची कला क्लेब्सिएलाकडून उसनी आणून ती एकाच जंतूच्या अंगी बाणवली होती. जगभर ग्लिसरीनचे डोंगर साठत असताना असे का? कारण साखर स्वच्छ, रोज सारखी आणि हवी तेवढी मिळणारी. टाकाऊ ग्लिसरीन आज एक, उद्या दुसरे. शिवाय क्लेब्सिएला हा जंतू माणसाला न्यूमोनिया करणाऱ्यांपैकी. त्याला हजारो लिटरांच्या टाकीत पोसायचे म्हणजे वाघाला अंगणात बांधण्यासारखे.

मग आणखी सौम्य जंतू हवा. आपल्या आतड्यांत राहणारा ई. कोलाय हा सर्व प्रयोगशाळांचा लाडका, पण हवेवाचून त्याला ग्लिसरीन आंबवता येत नाही, असे पुस्तकांत लिहिलेले असे. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात रामोन गोन्झालेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवून दिले, की येते. द्रव किंचित आंबट हवा आणि कार्बन डायऑक्साइडची सोबत हवी, इतकेच. सगळे शोध नव्या यंत्रांनी लागत नाहीत. काही शोध पुस्तकातल्या ‘येत नाही’वर विश्वास न ठेवल्याने लागतात. हा जंतू ग्लिसरीनचे मुख्यतः अल्कोहोल करतो, आणि त्याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. ९२ ग्रॅम ग्लिसरीन मोडले, की ४६ ग्रॅम अल्कोहोल आणि ४६ ग्रॅम फॉर्मिक आम्ल. लाल मुंगी चावली की जे झोंबते, तेच हे आम्ल, आणि तेही कारखान्यांत लागते. वजनात तसूभर घट नाही. साखरेपासून मळीवाले अल्कोहोल काढतात, तिथे जवळजवळ निम्मा माल कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. यादी आणखी वाढवता येईल. काही जंतू ग्लिसरीनपासून प्रोपिऑनिक आम्ल करतात. त्याचे क्षार पावाला बुरशी येऊ नये म्हणून घालतात. दह्यातल्या जंतूंच्या भाऊबंदांपैकी एक तर त्यापासून इतर जंतूंना मारणारे द्रव्य करतो.

हे ऐकून वाचक म्हणतील, की मग अडले कुठे? ते माझ्या पुतणीच्या अनुभवावरून सांगतो.

तिने प्रथम दुकानातले शुद्ध ग्लिसरीन दिले, तेव्हा जंतू तरारून वाढले. मग आमच्या बरणीतून निघालेली काकवी दिली. दुसऱ्या दिवशी सारे थंड. पुन्हा दिली, पुन्हा थंड. तिसऱ्यांदा तेच झाले तेव्हा तिचा रात्री फोन आला. आवाज रडवेला होता. शिष्यवृत्तीचे एकच वर्ष उरले होते, आणि प्रबंधाचा विषयच मुळी ‘टाकाऊ’ ग्लिसरीन हा होता. शुद्ध ग्लिसरीनवर जंतू वाढतात हे सांगायला तिची गरज नव्हती. मी तिला धीर द्यावा तर मला जंतूंतले काही कळत नाही. मी एवढेच विचारले, “अग, त्यात साबण किती राहिला आहे ते पाहिलंस का?” दुसऱ्यांदा वापरलेल्या तेलाचे बायोडिझेल करताना साबण फार होतो, हे मात्र माझ्या फळ्यावरचे होते. तिने त्या थरात आम्ल घातले. साबण फुटून मेदाम्ले तेलकट तवंगासारखी वर तरंगली, ती काढून घेतली. मग मंद तापवून मिथेनॉल उडवले आणि जंतूंना नव्या खाद्याची सवय थोडी थोडी लावली; पहिल्या दिवशी चमचाभर, मग दोन चमचे, बाळाला वरणभात लावतात तशी.

महिन्याभराने एका शनिवारी ती घरी आली ती दारातच हिला नाक धरायला लावत. अंगाला खवट लोण्याचा असा उग्र वास येत होता, की हिने तिला थेट न्हाणीघरात पिटाळले. तो वास तिच्या जंतूने केलेल्या ब्युटिरिक आम्लाचा. तेही याच जंतूचे जोड-उत्पन्न, आणि ते लोण्यात प्रथम ओळखले ते आपल्या त्या शेव्हरलनेच. अंघोळ करून आल्यावर तिने एक कागद पुढे केला. यंत्राने काढलेली रेघ सपाट चालता चालता एके ठिकाणी सुळक्यासारखी वर गेली होती.

“हे प्रोपेनडायॉल. काकू, तुमच्या चकल्यांचं तेल आहे हे.”

हिने कागद चष्म्याजवळ धरला. “एवढंच?”

तिचा प्रश्न रास्त होता. जंतूंनी केलेला माल पुष्कळशा पाण्यात थोडासा मिसळलेला असतो, आणि तो वेगळा काढण्यातच निम्मा नफा खलास होतो. ग्लिसरीनचा भाव वर गेला तर कारखाना तोट्यात, खाली आला तर बायोडिझेलवाला तोट्यात. म्हणून या विषयावर प्रबंध पुष्कळ निघाले, त्या मानाने कारखाने थोडे उभे राहिले. टाकाऊपासून सोने होते असे कुणी सांगू लागला, तर त्याला आधी ते धुण्याचा खर्च विचारावा. माझ्या पुतणीला तो ठाऊक आहे, म्हणून तर ती त्याच्यामागे लागली आहे. जंतू स्वस्तात आणि घाणीत काम करायला शिकला, तरच या उद्योगाला अर्थ. नाहीतर तो शुद्ध मालाच्या दुकानातला आणखी एक गिऱ्हाईक.

आणि आमच्या कढईचे काय? तिचा निकाल हिने लावला. आमच्या सोसायटीत चोवीस बिऱ्हाडे आहेत. एका बिऱ्हाडाच्या लिटरभर तेलासाठी कुणी येत नाही. चोवीसांच्या डब्यासाठी येतो. बायोडिझेलसाठी तेल गोळा करणारा एक माणूस शोधून काढला. तेल कुठे जाते त्याची पावती दाखवल्याखेरीज हिने त्याला डबा दाखवला नाही. तो किलोमागे पैसे देतो. आता प्रश्न आला, की दारोदार जाऊन तेल गोळा करणार कोण? सोसायटीच्या सभेत सगळ्यांनी कल्पनेचे कौतुक केले आणि सगळे आपापल्या घरी गेले. शेवटी पुढे आल्या त्या आमच्या बाई. कोणत्या घरी किती तळण होते आणि कोण तेल मोरीत ओतते, हे त्यांच्याइतके ठाऊक आहे कुणाला? त्यांनी आमच्या इमारतीबरोबर त्या जिथे जिथे काम करतात ती घरेही धरली. डबा त्यांच्या ताब्यात, वही त्यांच्या मुलीच्या हातची, आणि पैसे त्यांचे. त्या वहीत जमाखर्च कसा लिहावा हे दाखवायला मी एकदा गेलो होतो. मुलीने माझी एक बेरीज दुरुस्त करून दिली.

चोवीस बिऱ्हाडांचे मिळून दिवाळीचे तेल फार तर दोन डबे भरेल आणि त्यातून ग्लिसरीन निघेल तीनेक किलो. त्याने देशाचा इंधनाचा प्रश्न सुटणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण मोरी तुंबणार नाही. ते तेल पुन्हा कुणाच्या भज्यांत जाणार नाही. आणि कुणाच्या तरी प्रयोगशाळेत खवट लोण्याच्या वासात एखादा सुळका आणखी अर्धा बोट वर सरकेल.

यंदा फराळाच्या ताटाबरोबर हिने नव्या तेलाची पिशवी ठेवली आहे, न फोडलेली. बाईंनी ती हातात घेऊन तारीख पाहिली, मग हसल्या आणि पिशवीत टाकली. मीही वर्तमानपत्रातून डोके वर काढून ते पाहिले.

आपणा सर्वांना ही दीपावली सुखाची जावो. चकल्या खुसखुशीत होवोत, आणि कढईत उरेल ते मोरीत न जावो.